ट्रकच्या हवाटाकीतले पाणी रोज काढा



कांदा, बटाटा, भाजीपाला भरून आपला ट्रक नवी मुंबईला, वाशीच्या बाजारात जातो. पुण्याकडून येताना बोरघाट, नाशिककडून येताना कसारा घाट उतरावा लागतो. तिथे भरली गाडी आवरते ती हवेच्या ब्रेकवर. ही हवा येते कुठून, ते समजून घेऊ.

इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो आणि चासीखालच्या टाक्यांत भरतो. विहिरीवरची मोटर आधी टाकी भरते, मग आपण टाकीतून पाणी सोडतो, तसेच हे. ब्रेक दाबला की टाकीतली हवा चाकांकडे जाते. सोडला की ती फुस्सकन बाहेर पडते, टाकीत परत येत नाही. उतारावर घडीघडी ब्रेक मारला तर कॉम्प्रेसर भरतो त्याहून जास्त हवा खर्च होते. तेव्हा टाकीतला साठाच कामी येतो. म्हणून घाट लहान गिअरमध्ये उतरावा, गाडी न्यूट्रल करू नये, दाबाच्या काट्यावर नजर ठेवावी.

आता पाण्याचे पाहू. 30 अंश तापमानाला एक घनमीटर जागेत सुमारे 30 ग्रॅमच वाफ मावते, हवा कितीही दाबा. दमट हवा दाबून लहान जागेत कोंबली आणि ती निवली, की जादा वाफेचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, ते जास्तच साचते. पाणी हवेची जागा अडवते, टाकी आतून गंजते, गंज वाल्वमध्ये अडकतो आणि ऐन वेळी ब्रेक दगा देतो.

एवढे करा :

1) काम संपल्यावर गाडी सपाट जागी लावा, चाकांखाली ठोकळे द्या. मगच प्रत्येक टाकीच्या तळचा कॉक उघडा. तोंड दूर ठेवा.

2) पाण्याबरोबर तेल आले तर कॉम्प्रेसर मेस्त्रीला दाखवा. हवा सुकवणारा ड्रायर असूनही पाणी येत असेल तर तोही तपासून घ्या.

3) निघण्यापूर्वी पुस्तिकेत दिलेला दाब भरू द्या. इंजिन बंद करून काटा पाहा. तो झपाट्याने उतरला तर गळती आहे. ती काढल्याशिवाय निघू नका.

4) गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ नको. टाकीच बदला.

गाडी भाड्याची असली तरी माल भरण्यापूर्वी विचारा, "दादा, टाकीचं पाणी काढलं का?" माल आपला आहे, आणि गाडीत बसलेली माणसंही आपलीच आहेत.