अकरा मुंगुसं आणि दहा सरडे

भूमध्य समुद्राकाठचे सरपटणारे जीव : लेखांक 6

क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत हजाराहून अधिक लहानमोठी बेटं आणि खडक पसरलेले आहेत. मुख्य भूमीवर एखाद्या सापाला किंवा सरड्याला नवा शत्रू भेटला, तर डोंगर ओलांडून पलीकडे सरकता येतं. बेटावर ती सोय नाही. त्यामुळे माणसाने सहज म्हणून सोडलेले चार प्राणीही तिथे सगळं उलटंपालटं करतात. आज अशा दोन बेटांविषयी.

पहिलं म्ल्येत. दाट पाइनची झाडी, चुनखडीचा कातळ आणि त्यात ‘पोस्कोक’. नाकाच्या टोकावर मऊ खवल्यांचं शिंग, पाठीवर गडद नागमोडी पट्टा आणि लांबी बहुधा मीटरभराच्या आत. आपल्या घोणशीच्याच कुळातला हा साप युरोपातल्या सर्वांत विषारी सापांत मोडतो. बायबलमधल्या कथेत संत पॉलचं गलबत फुटून तो ज्या बेटावर पोचतो आणि जिथे त्याला साप डसतो, ते बेट म्हणजे माल्टा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण म्ल्येतचंही जुनं नाव मेलिता. माल्टात असा विषारी साप नाही आणि आमच्याकडे आहे, हा म्ल्येतच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. सापाचा असा अभिमान क्वचितच कुणी बाळगला असेल!

रोज रानात आणि द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांना मात्र या अभिमानाचा काही उपयोग नव्हता. 1910 साली, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात, पोस्कोकचा नायनाट करण्यासाठी म्ल्येतवर मुंगुसं सोडण्यात आली. ती होती अवघी अकरा: सात नर, चार माद्या. आपल्या शेताच्या बांधावरून तुरुतुरु जाणाऱ्या करड्या मुंगुसाचा हा धाकटा भाऊबंद. त्याचं मूळ घर इराकपासून उत्तर भारतामार्गे म्यानमारपर्यंत.

मुंगुसाने नेमून दिलेलं काम चोख केलं. पोस्कोक म्ल्येतवर दुर्मीळ झाला. पण मुंगूस काही फक्त विषारी साप निवडून खात नाही. बिनविषारी साप, सरडे, बेडूक, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कोंबड्या, फळं, जे हाती लागेल ते त्याने खाल्लं. त्यातून ते दिवसा हिंडणारं जनावर. म्हणजे उन्हात अंग शेकत पडणारे सरडे आणि साप त्याच्या आयतेच तावडीत. पुढे ते कोर्चुला, ह्वार अशा आणखी काही बेटांवरही नेलं गेलं. मुंगूस असलेल्या आणि नसलेल्या बेटांची तुलना झाली, तेव्हा मुंगुसाच्या बेटांवर दिवसा वावरणारे सरपटणारे जीव स्पष्टपणे कमी आढळले. आज हेच मुंगूस युरोपीय संघाच्या घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

दुसरी गोष्ट लास्तोवो बेटाजवळची. तिथे पॉद मर्चारू नावाचा जेमतेम साडेसात एकरांचा खडक आहे. 1971 साली एव्हियातार नेव्हो या इस्रायली जीवशास्त्रज्ञाच्या गटाने शेजारच्या पॉद कोपिश्तेवरून इटालियन सरड्याच्या पाच जोड्या उचलून तिथे सोडल्या. स्थानिक डाल्मेशियन सरड्यापुढे हे पाहुणे टिकतात का, एवढंच पाहायचं होतं. पुढे युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध पेटलं आणि सरडे आपापल्या नशिबावर राहिले.

2004 च्या सुमारास अँथनी हेरेल आणि सहकारी तिथे पोचले, तेव्हा स्थानिक सरडा नाहीसा झाला होता आणि पाहुण्यांचीच वस्ती होती. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे होते. मूळ बेटावरचे त्यांचे भाईबंद मुख्यतः किडे खात. त्यांच्या आहारात वनस्पतींचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. इथल्यांच्या पोटात मात्र वसंतात 34 आणि उन्हाळ्यात 61 टक्के पालापाचोळा. डोकं मोठं, चावा जोरकस आणि आतड्याच्या अंधनालात चक्क झडपा! या झडपा अन्न अडवून ठेवतात, म्हणजे जंतूंना चिवट पानं आंबवायला वेळ मिळतो. ही रचना जगातल्या सरड्या-सापांच्या एक टक्क्याहूनही कमी प्रजातींत आढळते. पिढ्या म्हणाल तर फक्त तीसेक.

‘डोळ्यांदेखत उत्क्रांती’ म्हणून याचा जगभर गाजावाजा झाला. मला तो थोडा घाईचा वाटतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांतही झडपा दिसल्या, ही गोष्ट जनुकीय बदलाच्या बाजूने बोलते खरी. पण आहार बदलला की शरीरही काही प्रमाणात स्वतःला जुळवून घेतं, आणि या झडपांत जनुकांचा वाटा किती नि आहाराचा किती, हा वाद मिटलेला नाही.

एक मात्र वादापलीकडचं आहे. सरड्यांच्या या प्रयोगाला आपण विज्ञानाचा चमत्कार म्हणतो आणि मुंगुसाच्या प्रयोगाला मूर्खपणा. पण पॉद मर्चारूच्या मूळ रहिवाशाला विचारलं असतं, तर त्याने दोन्हींना एकच नाव दिलं असतं.

पुढच्या आठवड्यात लोशिन बेटावर जाऊ. तिथे जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.