पहिली हॉट रॉड : आधी ब्रेक, मग इंजिन

माझ्या पुतण्याचा मुलगा कॅलिफोर्नियात शिकतो. वय वर्षे १९. गेल्या वर्षी त्याने फोनवर विचारले, "आजोबा, दोन उन्हाळे काम करून साठविलेले पैसे जुन्या मोटारीत घालू का?" वडिलांचा नकार आधीच झाला होता. कर्जप्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्याकडून त्याला बहुधा अपिलाचा निकाल हवा होता.

त्याला 'हॉट रॉड' बांधायची होती. जुनी, हलकी मोटार घ्यायची, मडगार्डसारखे वजन उतरवायचे आणि अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे, असा हा छंद. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण १९३० च्या दशकात कोरड्या सरोवरांच्या तळावर अशा गाड्या पळवीत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटना झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचे मासिकही निघाले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे अशी फेररचना सहजी करता येत नाही, म्हणून आपल्याला हे नवल वाटते.

त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. एक १९३२ ची फोर्ड. सामान्य ग्राहकाला परवडेल असे ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन फोर्डने त्याच वर्षी दिले, त्यामुळे या छंदात तिला अग्रपूजेचा मान आहे. परंतु ही गाडी सुटी करून खोक्यांत भरलेली, आणि मालकीचा कागद नाही. दुसरी १९३० ची मॉडेल ए : चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती, रूप साधे, पण चालती. मुलाचा जीव अर्थातच खोक्यांत अडकला होता.

मी त्याला एवढेच म्हटले, की अर्धवट सुटी केलेली गाडी म्हणजे अडकलेले भांडवल. विकायला जाशील तेव्हा खर्चाचा निम्मा भागही हाती येईल याचा भरवसा नाही. कागदाचे तर विचारूच नका. मॉडेल एच्या बाबतीतही एक मेख निघाली. तिच्या काळी इंजिनावरचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक धरीत. तोच चौकटीवरही कोरलेला असतो, पण बॉडीखाली झाकला जातो. इंजिन बदललेले असेल तर कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. त्याने विक्रेत्यासमोर क्रमांक ताडून पाहिला, मगच पैसे मोजले.

पुढचा वाद क्रमाचा. त्याला व्ही-८ लगेच हवे होते. या गाडीचे ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे; पेट्रोलची टाकी समोरच्या काचेखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे! अशा गाडीला दुप्पट ताकद देणे मला मान्य होईना. फोर्डने १९३९ पासून हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि जुने हौशी तेच काढून आधीच्या गाड्यांना बसवीत, हे त्यानेच शोधून मला सांगितले. मग ठरले : प्रथम ब्रेक, नंतर स्टिअरिंग व चौकट, शेवटी इंजिन. एका वेळी एकच काम, म्हणजे गाडी फार दिवस जागेवर पडणार नाही. प्रत्येक सुट्या भागाची पावती वहीत चिकटवायची, ही अट माझी.

गेल्या महिन्यात ब्रेक बसले. इंजिन अजून तेच, ४० अश्वशक्तीचे. पुतण्या मुलाला भेटायला गेला होता, तेव्हा त्या गाडीत बसून किराणा आणायला गेला. परतल्यावर त्याने वही मागून घेतली आणि व्ही-८ ची अंदाजे किंमत स्वतःच पेन्सिलीने लिहिली.