पट्टीवर न उमटलेली रेघ

इंदूर, ऑक्टोबर

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही इंदूरची मराठी मंडळी त्यांना रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला नेतो आणि रस्त्यावर कागदाचा कपटाही दिसत नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. पाहुणे परततात ते मध्य प्रदेश पाहिला अशा समजुतीत. पाहिलेला असतो माळवा, तोही अर्धाच. २०११च्या जनगणनेप्रमाणे या राज्यातला दर पाचवा माणूस आदिवासी आहे. पश्चिमेला भिल्ल आणि भिलाला, पूर्वेला गोंड आणि बैगा. तुमच्या गोंदियाची हद्द ओलांडली की बालाघाट लागतं, त्याच्या वर मंडला. तिथला ताप इंदूरच्या तापासारखा नसतो. आमच्याकडे पावसाळ्यात कुणी फणफणलं की पहिला संशय डेंग्यूचा. मंडल्यात अजूनही तो हिवतापाचा.

इंदूरहून रात्रीची गाडी धरली की सकाळी जबलपूर, तिथून मंडला शंभरेक किलोमीटर. पुढे सालाचं जंगल. पावसाळ्यात शेतातल्या आणि खड्ड्यांतल्या साचल्या पाण्यात अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हा डास वाढतो. पाऊस ओसरून ओढे निवळले की काठच्या गवतात फ्लुव्हिअ‍ॅटिलिस अंडी घालू लागतो. एक पाळी संपवून निघाला की दुसरा कामावर हजर. माणसं कोदो-कुटकी आणि मक्याची राखण करायला रात्री मचाणावर झोपतात. सरकारी मच्छरदाणी घरात, माणूस रानात.

भिंतींवरच्या फवारणीची गोष्ट तर दिवाळीशी जोडलेली. इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ साली देणाऱ्या पॅट्रिक गेडिसने इथल्या दिवाळीच्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर फिरवून लोकांना सफाईला लावलं होतं. जंगलात मात्र नेमकी दिवाळीची सफाईच आडवी येते. फवारणीवाले औषध मारून जातात आणि सणाच्या तोंडावर बायका भिंती शेणामातीने स्वच्छ लिपून काढतात. औषध लेपाखाली, डास लेपावर. यात दोष कुणाला द्यायचा?

गेल्या आठवड्यात तिकडच्या एका टोल्यावर, म्हणजे आपल्या भाषेत पाड्यावर, गेलो होतो. भर उन्हात घोंगडी पांघरून एक म्हातारा ओट्यावर कुडकुडत होता. आशा दीदी, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, त्याच्यापुढे उकिडवी बसली. ‘कक्का, उँगली लाओ.’ अनामिकेला सुई टोचून तिने थेंबभर रक्त हिवताप तपासायच्या पट्टीच्या खाचेत सोडलं, दुसऱ्या खाचेत द्रावणाचे थेंब टाकले आणि मोबाइलवर वेळ लावली. वीस मिनिटांनी एकच रेघ दिसत होती, पट्टी चालू असल्याची. हिवतापाची रेघ नव्हती. ‘मलेरिया नहीं है, कक्का.’ म्हाताऱ्याने पट्टीकडे पाहिलं, मग स्वतःच्या थरथरत्या हाताकडे, आणि काही न बोलता घोंगडी वर ओढली.

ताप दुसऱ्या कशाचाही असू शकतो, हे खरं. पण ही पट्टी नेमकं काय बघते ते सांगायला हवं. फॅल्सिपेरम हा हिवतापाचा जीवघेणा परजीवी. तो रक्तात एचआरपी-२ नावाचं प्रथिन सोडतो आणि पट्टीवरची फॅल्सिपेरमची रेघ त्या प्रथिनामुळे उमटते. परजीवी स्वतः पट्टीला दिसत नाही. म्हणूनच रोगी बरा झाल्यावरही प्रथिन रक्तात रेंगाळतं आणि काही आठवडे रेघ येत राहते. उलट बाजू जास्त वाईट. प्रथिन बनवणारं जनुकच परजीवीतून गळून गेलं असेल, तर तो पट्टीला चकवून जातो. माणूस आजारी, पट्टी कोरी.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं २०१० साली, पेरूमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात. तिथल्या नमुन्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत हे जनुक नव्हतं. पुढे छत्तीसगडच्या नमुन्यांतही ते गायब असल्याचं आढळलं, आणि २०१६मध्ये आठ राज्यांतल्या नमुन्यांच्या अभ्यासात हे प्रमाण सरासरी २.४ टक्के निघालं. या कारणाने पाच टक्के रोगी निसटू लागले तर पट्टी बदला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आज घबराटीचं कारण नाही. पण मला त्यातली मेख अस्वस्थ करते. हिवताप फार असतो तिथे एकाच माणसाच्या रक्तात परजीवीचे तीन-चार वाण नांदतात. एकाकडे जनुक नसलं तरी शेजाऱ्याकडे असतं आणि रेघ उमटते. हिवताप कमी झाला की अंगात एकटाच वाण उरतो. तो बिनजनुकाचा असेल तर औषध मिळत नाही आणि डासांमार्फत त्याचाच वंश पुढे जातो. रोग हटत जाईल तशी पट्टी फसण्याची शक्यता वाढते.

आणि मंडल्यात रोग हटतो आहे. राज्य सरकार, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि सन फार्माने उभी केलेली संस्था यांनी २०१७पासून जिल्ह्याच्या १,२३३ गावांत घरोघर ताप शोधणं, तपासणं, औषध देणं आणि पुन्हा जाऊन बघणं सुरू केलं. पहिल्या दोन-तीन वर्षांतच स्थानिक हिवताप सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला. कौतुक करावं असंच काम. उरला तो बराचसा बाहेरून येणारा, मजुरीला गेलेल्या माणसांबरोबर परतणारा. हे आम्हा इंदूरकरांना घरबसल्या कळतं. गंगवाल बस स्टँडवर झाबुआ-अलीराजपूरच्या गाड्यांच्या टपांवर गाठोडी चढत असतात. ही माणसं गुजरातेत आणि आमच्या शहरातही इमारती बांधतात, बांधकामावरच्या टाक्यांशेजारी झोपतात आणि भगोरियाच्या सणाला गावी जातात. परजीवी तिकीट काढत नाही.

व्हायवॅक्स हा दुसरा परजीवी तर यकृतात दडून बसतो. त्याच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला की माणूस गोळ्या फळीवर ठेवून कामाला जातो.

एक साहेब मला म्हणाले, ‘स्लाइडचा जमाना गेला, भाईसाब.’ मला ते पटलं नाही. पट्टी दुर्गम टोल्यावर वीस मिनिटांत उत्तर देते, तिला तोड नाही. पण परजीवी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचा तर आजही काचपट्टी, १९४४च्या सुमारास आपल्याच देशात तयार झालेला जेएसबी रंग आणि तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा माणूस लागतो. अशी माणसं निवृत्त होताहेत. जनुक तपासायची सोय जबलपूरसारख्या ठिकाणी, टोल्यावर नाही.

त्या दिवशी आशा दीदीने पट्टी बाजूला ठेवली आणि त्याच बोटातून काचेवर रक्त घेतलं, एक जाड ठिपका, एक पातळ थर. काच ओट्यावर सुकत ठेवली तोच मुंग्या लागल्या. तिने फुंकर मारून त्या उडवल्या, काच ताटलीखाली झाकली आणि रक्त वाळल्यावर पातळ थराच्या कडेला शिसपेन्सिलीने म्हाताऱ्याचा नंबर कोरला. ब्लॉकला जाणारी जीप चारला होती. आशा दीदी पावणेचारला उठली.