देवमाशापासून शंभर यार्डांवर

बडोद्यात ज्याचे लहानपण गेले त्याला देवमाशाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये त्या प्रचंड सांगाड्यापुढे तोंड उघडे टाकून उभा राहिला नाही, असा मुलगा आपल्या जुन्या घराण्यांत तरी सापडायचा नाही. १९४४ साली माही नदीत वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा. पण सांगाडा तो सांगाडा! त्यावरून जिवंत प्राण्याची कल्पना करायची म्हणजे पडक्या वाड्यावरून त्यात झालेल्या लग्नकार्याची कल्पना करण्यापैकीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात हा योग जुळून आला. आमचे चिरंजीव सिॲटलला असतात. त्यांनी अलास्काच्या सात दिवसांच्या जहाजसफरीचा बेत ठरवला आणि आम्हा उभयतांना बोलावून घेतले. वाटेतल्या जुनो बंदरात जहाज थांबणार आणि तिथून लहान बोटींतून देवमासे पाहायला जाता येते, असे कळले. हल्ली आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे तिकडे आहेत आणि अशा सफरींना जाणारी मंडळीही वाढली आहेत. बंदरातल्या त्या सात-आठ तासांत कोणती बोट निवडावी, हा प्रश्न पुढेमागे त्यांनाही पडेल. म्हणून आमच्या घरात त्यावर जो खल झाला, तो इथे मांडतो.

प्रथम जुनोविषयी. ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा रस्ताच नाही. मागे बर्फाचे डोंगर, पुढे खाडी. यायचे तर जहाजाने, नाहीतर विमानाने. वस्ती सुमारे बत्तीस हजारांची, आणि उन्हाळ्यात एकेका दिवशी जहाजांतून उतरणारी माणसे त्याच्या निम्म्याच्या घरात जातात. बारशाच्या घरी लग्नाचे वऱ्हाड उतरावे तशी गत! अखेर शहराने जहाज कंपन्यांशी करार केले. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, आणि २०२६ पासून दिवसाला सोळा हजार, शनिवारी बारा हजार उतारू, अशी मर्यादा ठरली. इतक्या गर्दीतला मोठा वाटा देवमाशांकडे धाव घेतो.

हे देवमासे हंपबॅक जातीचे. लांबी चाळीस-पन्नास फूट, आणि बाजूचे पर अंगाच्या जवळजवळ एकतृतीयांश लांबीचे. हिवाळ्यात ते हवाई बेटांच्या उबदार पाण्यात जातात. पिल्ले तिथे जन्मतात, पण खायला तिथे जवळजवळ काही नसते. मग वसंतात सुमारे तीन हजार मैल पोहून अलास्काच्या थंड पाण्यात यायचे आणि हेरिंग मासळी व कोळंबीसारखे बारीक क्रिल यांवर महिनोन्‌महिन्यांचा उपास सोडायचा, हा त्यांचा वार्षिक क्रम. जुनोला आपण पाहतो ते देवमाशांचे पारणे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

एक काळ असा होता की माणूस त्यांच्याकडे तेलासाठीच पाहत असे. उत्तर पॅसिफिकमध्ये हंपबॅकच्या शिकारीवर १९६६ साली बंदी आली, तेव्हा ते हजार-दीड हजारच उरले असावेत, असा अंदाज आहे. त्यापूर्वीच, १९५५ साली, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या एका कोळ्याने माणशी एक डॉलर घेऊन लोकांना बोटीतून देवमासे दाखवायला सुरुवात केली होती. मारण्यापेक्षा दाखवण्यात पैसा आहे हे जगाला हळूहळू पटले आणि देवमासेही वाढले. २००४ ते २००६ या वर्षांत केलेल्या मोजणीत उत्तर पॅसिफिकमध्ये वीस हजारांवर हंपबॅक निघाले. पण बघ्यांनाही भूक असते आणि ती लवकर भागत नाही. म्हणूनच बोट निवडण्याचा प्रश्न नुसता आपल्या सोयीचा राहत नाही.

आता बोटींविषयी. जुनोला ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एक, शे-दीडशे माणसे घेणाऱ्या दुमजली बोटी. आत काचेच्या खिडक्या, गरम कॉफी, ध्वनिक्षेपकावरून माहिती. दुसरा, सहा उतारूंच्या छोट्या बोटी. सहा हा आकडा कोणाच्या लहरीवर ठरलेला नाही. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे सहापर्यंत पैसे देणारे उतारू नेणाऱ्या छोट्या बोटीला मोठ्या बोटींसारखे सरकारी तपासणीचे प्रमाणपत्र लागत नाही, कप्तानाकडे परवाना असला की पुरते. या दोहोंच्या मधल्या, वीस-पंचवीस जणांच्या बोटीही आहेत.

मोठ्या बोटीची सफर जहाजावरच्या कचेरीतून विकत घेता येते आणि तिचा एक फायदा खरा आहे. सफर लांबली तर जहाज आपल्या उतारूंसाठी थांबते. बाहेरून स्वतंत्र बोट ठरवली तर जहाज थांबायला बांधलेले नाही. आमच्या मंडळींचा पहिला आक्षेप हाच. "अहो, जहाज निघून गेलं तर नेसत्या वस्त्रानिशी अलास्कात राहायचं की काय?"

आक्षेप रास्त होता, म्हणून चिरंजीवांनी कागदावर हिशेब मांडला. जहाज दुपारी बाराला लागणार. रात्री आठला सुटणार, म्हणजे साडेसातला सर्वांनी आत हवे. बोटी सुटतात त्या जहाजाच्या धक्क्यावरून नव्हे, तर बारा मैलांवरच्या ऑक बे या उपसागरातून. मोटारीने अर्धा तास. एकला निघून पाचला परत, अशी सफर घेतली तर अडीच तास गाठीशी राहतात. चारची सफर घेतली असती तर एक टायर फुटण्याचीही सोय राहिली नसती. तात्पर्य, स्वतंत्र बोट घेणाऱ्याने पहिली वेळ घ्यावी. घड्याळ मात्र जहाजाचे प्रमाण मानावे, कारण मोबाईल बंदरावरची वेळ दाखवतो आणि कधी कधी दोन्हींत तासाचा फरक पडतो. जहाज काही कारणाने बंदराला लागलेच नाही तर पैसे परत मिळतात का, हेही आधी लेखी विचारून घ्यावे.

मग जाहिराती वाचायला बसलो. "देवमासा दिसला नाही तर पैसे परत," असे पुष्कळांचे म्हणणे. पण ऐन उन्हाळ्यात जुनोला देवमासा न दिसणे विरळाच. जे हमखास घडते त्याची हमी द्यायला कोणाचे काय जाते? आमच्या एका बोटवाल्याने त्याहून गोड वचन दिले होते, "आम्ही तुम्हाला सर्वांत जवळ नेतो." मला तिथेच पाल चुकचुकली. कारण कायदा असा आहे की, अलास्काच्या पाण्यात कोणत्याही बोटीने हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या आत जायचे नाही आणि त्याच्या वाटेत आडवे जाऊन उभेही राहायचे नाही. २००१ पासूनचा हा नियम लहानमोठ्या सर्व बोटींना सारखाच लागू आहे. क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या की शंभर यार्ड होतात. म्हणजे छोटी बोट घेऊन जवळ जाता येते, ही समजूतच चुकीची. जो जवळिकीचे वचन देतो, तो कायदा मोडणार किंवा आपल्याला फसवणार, दोहोंपैकी एक. अशाला आपणच शंभर यार्डांवर ठेवावे.

मग छोट्या बोटीसाठी दुप्पट पैसे मोजायचे ते कशाला? चिरंजीव इंजिनियर. त्यांनी उलट बाजूही मांडली. "बाबा, एकशेवीस माणसं एका बोटीत मावतात. तीच सहा-सहाच्या बोटींतून नेली तर वीस बोटी आणि वीस इंजिनं. देवमाशाला त्रास कोणाचा जास्त?" या प्रश्नाला माझ्यापाशी सरळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. छोटी बोट आपोआप पुण्यवान ठरत नाही. पण एवढे खरे की, मोठ्या बोटीच्या कप्तानाला आपण काही विचारू शकत नाही, छोट्या बोटीच्या कप्तानाला विचारू शकतो. म्हणून आम्ही दोघा-तिघांना प्रश्न लिहून पाठवले. एका देवमाशापाशी किती वेळ थांबता? तिथे आधीच बोटींची गर्दी असली तर काय करता? सत्तरीच्या बाईला चढायला पायरी आहे का, बसायला आडोसा आणि शौचकूप आहे का?

एकीचेच उत्तर नेमके आले. अर्ध्या तासाच्या वर एका देवमाशापाशी थांबत नाही. गर्दी असली तर दुसरीकडे जातो. पायरी आहे, शौचकूप लहान आहे. शिवाय देवमाशांशी सभ्यपणे वागण्याचे नियम स्वखुशीने पाळणाऱ्या बोटवाल्यांची अलास्कात २०१५ पासून एक योजना आहे, तिच्यात ही बोट सामील होती. आम्ही तिचीच निवड केली.

कप्तान पस्तिशीची एक बाई निघाली. आम्ही चौघे आणि टेक्सासकडचे एक शेतकरी जोडपे, असे सहा उतारू. पाऊस भुरभुरत होता. तिकडे तो नसला तरच नवल. मागे मेंडेनहॉल हिमनदी निळसर दिसत होती. एका बोयावर समुद्रसिंह म्हशींसारखे पसरले होते. पाऊण तासाने कप्तानबाईने इंजिन मंद केले आणि डावीकडे बोट दाखवले. आधी फवारा दिसला, मग काही क्षणांनी त्याचा आवाज आला. भात्यातून वारा सुटावा तसा, पण भाता घराएवढा! काळी पाठ सावकाश वर आली आणि तिच्या शेजारी एक लहान पाठ. माय आणि पिल्लू. आई चार-पाच श्वास घेई, पाठीची कमान करी आणि शेपटी आभाळात उभी धरून खाली जाई. शेपटीच्या आतल्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे निराळे असतात आणि त्यांवरून तिथले अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात, हे कप्तानबाईने सांगितले. सहाच माणसे असल्याने कोणाला कठड्यासाठी रेटारेटी करावी लागली नाही, की बोलायला आवाज चढवावा लागला नाही.

आणि मग पिल्लू उड्या मारू लागले. सबंध अंग पाण्याबाहेर, आणि धप्पकन् आदळणे. एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यात दुरून दोन बोटी येताना दिसल्या. कप्तानबाईने घड्याळ पाहिले आणि बोट वळवली.

टेक्सासचे गृहस्थ चिडले. "ऐन रंगात आलेला खेळ सोडून निघालात? एवढे पैसे कशाचे घेतलेत?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आई हिवाळाभर उपाशी होती. ही तिची जेवायची वेळ आहे. आपला अर्धा तास झाला. आता त्या दोन बोटींचा सुरू होईल, मग आणखी कोणाचा." अर्ध्या तासाची ही मर्यादा कायद्याची नव्हे, नुसती शिफारस आहे. मोडली असती तर त्यांना कोणी विचारणार नव्हते. आणि त्या गृहस्थांची नाराजी त्यांना बक्षिशीत भोवणार, हे उघड होते.

चिरंजीवांनी हे संभाषण मराठीत सांगितले तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "बरोबर आहे तिचं. पंगतीत वाढपीसुद्धा एका पानापाशी इतका वेळ उभा राहत नाही."

नंतर शेल्टर बेटाच्या आडोशाला इंजिन बंद करून आम्ही दहा मिनिटे नुसते बसलो. दिसले काहीच नाही. धुक्यातून कुठून तरी दोन फवाऱ्यांचे आवाज मात्र आले. टेक्सासच्या बाईंनी हात जोडल्यासारखे केले. त्यांचे यजमानही गप्प होते. पाचला धक्क्यावर आलो. जहाज सुटायला पुष्कळ अवकाश होता.

तेव्हा माझे मत विचाराल तर असे. माणसे किती, यावर बोट निवडू नये. कप्तान काय सोडायला तयार आहे, यावर निवडावी. छोट्या बोटीत तो प्रश्न विचारता येतो, ही तिची खरी किंमत.

हा प्रश्न अलास्कापुरता नाही. आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत. ते थंड पाण्याकडे जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यापुढे त्यांची संख्या शंभराच्या आत धरली जाते. २०१७ साली तिथे उपग्रह-यंत्र लावलेली 'लुबान' नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. २०१५ साली सिंधुदुर्गापुढे निळे देवमासे दिसल्याची नोंद आहे. गोव्यात आणि कोकणात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी तर रोजच निघतात आणि एका पाठीमागे पाच-पाच बोटी धावताना आपण पाहतो. तिथला तांडेल बिचारा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून बोट हाकतो. गिऱ्हाइकाने "आणखी जवळ घ्या" म्हटले की तो घेतो. पुढच्या सुट्टीत तिकडे जाल तेव्हा बोटीत पाय ठेवण्यापूर्वी त्याला एवढेच सांगा, "आम्हाला घाई नाही. लांबूनच दाखवा, आणि थोडा वेळच थांबा." भाडे तेवढेच द्यावे, वर चार पैसे जास्त दिले तर उत्तमच.