रोखीचे कौतुक

पेढीवरचा रोजमेळ रात्री जुळतो. पण ज्या घरात स्वमग्न मूल आहे, तेथे एक प्रश्न रोज शिल्लक राहतो : आपल्या पश्चात याचे काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अशा व्यक्तीसाठी वयाच्या १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. मात्र पालक नेमल्याने कोणाला हात धुता येत नाहीत. ती विद्या घरीच, लहानपणापासून द्यावी लागते.

ज्या कृतीपाठोपाठ हवेसे काही लाभते, ती कृती पुन्हा घडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकात या तत्त्वाचा सखोल अभ्यास केला. मानसशास्त्रात त्यास प्रबलन म्हणतात.

हात धुण्याचेच उदाहरण घेऊ. नळ उघडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, फेस धुणे, नळ बंद करणे आणि हात पुसणे, अशा या ७ पायऱ्या. शिकवण्याची सुरुवात पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून करतात. आईने पहिल्या सहा पायऱ्या मुलाचा हात धरून करून घ्याव्यात आणि पुसणे तेवढे त्याच्यावर सोपवावे. ते जमले की नळ बंद करणे. अशाने प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो.

कौतुकाचा व्यवहार रोखीचा असावा. सकाळच्या कृतीचे बक्षीस संध्याकाळी दिले, तर त्याचा त्या कृतीशी संबंध मुलाला उमगत नाही. बक्षीस मिठाईचेच हवे असेही नाही. एखाद्याला झोका आवडतो, एखाद्याला भिंगरी. टाळ्यांचा गजर काहींना असह्य होतो. म्हणून मुलाला काय प्रिय आहे हे आधी निरखावे. जेवण आणि माया मात्र कधीही अटीवर ठेवू नये. कृती अंगवळणी पडू लागली की हाताचा आधार आणि बक्षीस, दोन्ही हळूहळू कमी करावेत. नाही तर मूल कृतीऐवजी बक्षिसावर अवलंबून राहते.

नकळत उलटेही घडते. दुकानात गिऱ्हाईक असताना मूल किंचाळते आणि ते गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. किंचाळल्याने हवे ते मिळते, हा धडा ते पक्का शिकते. त्याऐवजी चित्र दाखवून किंवा हाताच्या खुणेने मागण्यास शिकवावे आणि तसे मागताच प्रतिसाद द्यावा. याकामी विशेष शिक्षक व थेरपिस्ट यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते.

एकत्र कुटुंबात प्रेमाचे हात पुष्कळ. आजी घास भरवते, काकू बटणे लावते, नोकर बूट चढवतो. आईने दहा दिवस शिकवलेले एका घाईच्या सकाळी मागे पडते. म्हणून शिकवण्याची रीत सर्वांनी मिळून ठरवावी आणि सर्वांनी एकसारखी पाळावी.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची लगबग असते, ताटे वाढलेली असतात आणि मूल नळापाशी चाचपडत असते. पटकन पुढे जाऊन हात धुवून देणे सोपे असते. पण जेवण दहा मिनिटे आधी वाढायचे ठरवले, तर आजीला दारात थांबून वाट पाहता येते. मूल फेस धुते, थबकते आणि स्वतः नळ बंद करते. आजी म्हणते, "शाब्बास बाळा!" त्याच क्षणी, रोख.