केसभर अंतर, पावणेतेरा कोटी डॉलर

५० मिलिमीटरची लेन्स दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केलेली आहे आणि तो फक्त १० सेंटिमीटर मागे सरकला. लेन्स किती हलवायची? सुमारे ०.०६ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीइतकी. अ‍ॅपर्चर १.४वर पूर्ण उघडलं असेल तर एवढ्यानेही डोळे धूसर येतात.

१९७७च्या कोनिका सी३५ एएफ या छोट्या कॅमेऱ्याला ही अडचण फारशी भेडसावली नाही. त्याची लेन्स ३८ मिलिमीटरची, अ‍ॅपर्चर २.८, लहानसहान चूक खपून जायची. बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा हा मान त्याचा. खरी परीक्षा मात्र १९८५मध्ये मिनोल्टा ७०००ने दिली, कारण हा लेन्स बदलता येणारा एसएलआर, म्हणजे लेन्समधलंच दृश्य आरशातून दाखवणारा कॅमेरा होता.

त्याच्या आरशाच्या अर्धपारदर्शक मध्यातून थोडा उजेड कॅमेऱ्याच्या तळाशी जायचा. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा तिथे सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर पडायच्या. त्या एकमेकींपासून किती सरकल्यात, यावरून लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची ते ठरायचं. मग कॅमेऱ्यातली मोटर ती फिरवायची. त्या सीसीडीत पिक्सेल किती? १२८! आजच्या ५ कोटी पिक्सेलच्या फोनमध्ये याच्या जवळपास ३ लाख ९० हजार पट पिक्सेल असतात. तरीही ईव्ही या उजेडाच्या मापावर (दर पायरीला उजेड दुप्पट) २ ते १९ एवढ्या उजेडात हे १२८ पिक्सेल काम करायचे. या दोन टोकांमधला फरक १,३१,०७२ पट आहे. आडव्या पट्ट्यांचा शर्ट समोर आला की मात्र यंत्र गोंधळायचं, कारण पिक्सेलची ओळही आडवीच. उपाय साधा: कॅमेरा थोडा तिरका धरायचा, फोकस धरून ठेवायचा आणि पुन्हा सरळ करायचा.

कॅमेऱ्यातल्या मोटरने लेन्स फिरवता यावी यासाठी मिनोल्टाने लेन्स जोडायचा माउंटच बदलला. जुन्या लेन्स जमवून बसलेल्यांवर हा अन्यायच होता, पण कंपनीपुढे दुसरी चांगली वाट होती असं मला वाटत नाही.

पुढे ऑटोफोकसच्या पेटंटवरून अमेरिकेतली हनीवेल कंपनी मिनोल्टाविरुद्ध कोर्टात गेली. १९९२मध्ये ज्युरीने मिनोल्टाला ९ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितलं आणि शेवटी तडजोड झाली ती १२ कोटी ७५ लाख डॉलरवर. त्या वेळच्या भावाने तीनशे कोटी रुपयांहून जास्त.