मंदींतला पैसा आणि रस्त्यावरचें काम

मंदीच्या दिवसांत सरकार अमुक इतके अब्ज सार्वजनिक कामांवर खर्च करणार, अशी बातमी आली कीं वाचणारास वाटतें, उद्यांपासून कुदळी चालूं लागणार. पण तिजोरींतून निघालेला पैसा मजुराच्या हातीं पडेपर्यंत मध्यें बरेंच अंतर असतें. तें कसें तोडावें, याची परीक्षा अमेरिकेंत दोनदां फार मोठ्या प्रमाणावर झाली.

पहिली १९३३ सालीं. देशांत काम करणाऱ्या चारांमागें सुमारें एक माणूस बेकार होता. त्या जून महिन्यांत सार्वजनिक बांधकामांसाठीं ३.३ अब्ज डॉलर्सची तरतूद झाली व तिची व्यवस्था मंत्री हॅरोल्ड इकीस यांच्याकडे आली. इकीस मोठे करडे गृहस्थ. सरकारी पैसा मक्तेदारांच्या खिशांत जिरूं नये, याची त्यांस रात्रंदिवस काळजी. एखाद्या शहरानें पुलाची किंवा पाणीपुरवठ्याची योजना पाठविली, कीं ती इंजिनियर तपासीत, वकील तपासीत, हिशेबनीसहि तपासीत. मंजूर झाल्यास मजुरी व सामान यांच्या खर्चाच्या शेंकडा ३० अनुदान मिळे; बाकीचा भार त्या शहरानें, बहुधा कर्ज काढून, उचलावयाचा. कामें पक्कीं झालीं यांत शंका नाहीं. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल त्यांतलाच. तो १९३६ सालीं खुला झाला आणि आजहि वापरांत आहे. पण १९३३ चा हिंवाळा तोंडावर आला होता, आणि भुकेलेल्या घरास तीन वर्षांनीं होणाऱ्या पुलाचें काय कौतुक! अखेर नोव्हेंबरांत रूझवेल्ट यांनीं त्याच तरतुदींतून ४० कोटि डॉलर्स काढून हॅरी हॉपकिन्स यांच्या स्वाधीन केले. हॉपकिन्स यांनीं आराखड्यांची वाट पाहिली नाहीं. रस्ते दुरुस्त करा, चर खणा, शाळांची डागडुजी करा, असा धडाका लावून जानेवारीच्या मध्यापर्यंत ४० लाखांहून अधिक लोकांस त्यांनीं कामाला लावलें. खर्च डोईजड झाल्यामुळें वसंतांत तें खातें बंदहि झालें.

दुसरी वेळ २००९ सालीं आली. १७ फेब्रुवारीस राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्याचा अंदाजी खर्च ७८७ अब्ज डॉलर्स. ही सारी रक्कम बांधकामांवर गेली, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तिचा मोठा भाग करसवलती, राज्यांस साहाय्य व बेकारभत्ता यांत गेला. रस्ते व पूल यांच्या वाट्यास २७.५ अब्ज आले. म्हणजे शेंकडा साडेतीन, ताटांतल्या लोणच्याइतकेच.

हे पैसे वांटण्यास नवें सूत्र बसविण्याइतका वेळ नव्हता, म्हणून जुनेंच घेतलें. राज्यांना वांटावयाच्या रकमेपैकीं निम्मी रस्त्यांची लांबी, त्यांवरील वाहतूक आणि वाहतूक-करांतील राज्याची भर या तीन गोष्टी मोजून देण्यांत आली. उरलेली निम्मी २००८ सालच्या वांटणीच्या प्रमाणांत. बेकारांचीं डोकीं या हिशेबांत कोठेंच मोजलीं गेलीं नाहींत! राज्याच्या आंत कामें निवडतांना मात्र हलाखीच्या भागांस अग्रक्रम द्यावा, असें कायद्यानें सांगितलें होतें. एरवीं अशा कामांत राज्यास बहुधा पांचवा हिस्सा घालावा लागतो, तोहि माफ झाला. उलट मध्यवर्ती पैसा आला म्हणून राज्यानें आपला ठरलेला खर्च हळूच आंखडता घेऊं नये, यासाठीं गव्हर्नरकडून लेखी हमी घेण्यांत आली. ही अट फार महत्त्वाची. नाहींतर एका खिशांतला पैसा दुसऱ्या खिशांत जाऊन काम तेवढेंच राहिलें असतें.

सर्वांत कडक अट मुदतीची होती. राज्याच्या हातांतील रकमेपैकीं निम्मी १२० दिवसांत नेमक्या कामांस बांधून टाकावयाची, नाहींतर ती काढून दुसऱ्या राज्यास दिली जाणार. ही मुदत सर्व राज्यांनीं पाळली. पण बांधलेला पैसा म्हणजे खर्चलेला पैसा नव्हे. टेंडर निघावें, मक्तेदारानें काम करावें, राज्यानें त्याचें बिल चुकवावें, आणि मग मध्यवर्ती सरकारनें तें भरून द्यावें, असा तो क्रम असतो.

आतां चार महिन्यांत तयार असेल असें काम कोणतें? नव्या पुलास जागा मिळवावी लागते, पर्यावरणाची तपासणी व्हावी लागते. त्यांत वर्षें जातात. जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर देण्यास यांतलें फारसें कांहीं लागत नाहीं. साहजिकच पैशाचा मोठा भाग अशा दुरुस्तींत गेला. टीकाकारांनीं यास उधळपट्टी म्हटलें. तें फार कडक झालें. वेळेवर दुरुस्त केलेला रस्ता पुढचा मोठा खर्च वांचवितो. पण फावडें लावण्यास तयार असलेलीं कामें समजलीं होतीं तितकीं नव्हतीं, हें ओबामा यांनींहि २०१० सालीं एका मुलाखतींत कबूल केलें.

त्याच कायद्यांत १.५ अब्ज डॉलर्सचा एक लहान निधि निराळा ठेवला होता. त्याला सूत्र नव्हतें. ज्यानें त्यानें योजना मांडावी आणि गुणांवर निवड व्हावी. चौदाशेंहून अधिक अर्ज आले, मागणी सुमारें ६० अब्जांची झाली, आणि त्यांतून ५१ योजना निवडण्यांत आल्या. ही निवड जाहीर झाली तेव्हां तारीख होती १७ फेब्रुवारी २०१०. कायद्यावर सही होऊन बरोबर एक वर्ष लोटलें होतें.